नॉर्मन ओल्डरॉइड (केकसह)

नॉर्मन ओल्डरॉइडला फक्त एक पत्र लिहायचं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचा सगळा प्रकार कानावर आल्यापासून आमच्या बर्कथ्वेटमध्ये लोक म्हणायला लागलेत, "तो ना, पहिल्यापासूनच चळवळ्या!" छे हो, चळवळ्या कसला? अडुसष्ट वर्षांत या माणसानं हॉटेलात आलेलं गार सूप एकदाही परत पाठवलं नाही. न्हाव्याच्या कात्रीनं कान कापला तेव्हा 'सॉरी' म्हणाला तो नॉर्मन, न्हावी नव्हे. नोकरी केली ती कौन्सिलच्या नकाशा विभागात, चौतीस वर्षं, गटारांचे नकाशे काढत. गटारं कुणाशी वाद घालत नाहीत, त्यामुळे त्याचं तिथं छान जमलं.

तर २०१६चा मे महिना. सकाळची वेळ, टोस्ट, मार्मालेड आणि वर्तमानपत्र. वाचता वाचता नॉर्मनचा हात मध्येच थांबला आणि तो म्हणाला, "माझा याला विरोध आहे."

ब्रेंडानं शब्दकोड्यातून मान वर केली. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. "कशाला? मार्मालेडला?"

"अगं, मार्मालेडला नाही. या अणुबॉम्बवाल्या पाणबुड्या जुन्या झाल्या म्हणे. आता त्यांच्या जागी नव्या कोऱ्या घ्यायच्या की नाही, यावर पार्लमेंटात मतदान होणार आहे. मला वाटतं, घेऊ नयेत."

"मग मला काय सांगतोस? माझ्याकडे कुठे पाणबुड्या आहेत? खासदाराला सांग. त्याला पगार कशाचा मिळतो?"

नॉर्मननं वर्तमानपत्राची घडी घातली. पण त्या दिवशी त्यानं दुसरा टोस्ट खाल्ला नाही, आणि ब्रेंडानं ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. काहीतरी त्याच्या आत फार दिवसांपासून रुतून बसलं होतं आणि ते बाहेर यायला निघालं होतं. काय, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

पत्राचे एकूण अकरा खर्डे झाले. पहिल्याची सुरुवात 'आपल्याला त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व' अशी होती आणि शेवट 'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व' असा होता. मधे अणुबॉम्बला जागाच उरली नव्हती. सातव्या खर्ड्यात बॉम्ब आला, पण तो 'थोडासा अनावश्यक वाटतो' इथपर्यंतच. अकरावा बरा उतरला होता. तेवढ्यात समोरच्या मिसेस पॉपलवेल आपलं अ‍ॅपल-पायचं भांडं परत न्यायला आल्या आणि सगळं फिसकटलं.

मिसेस पॉपलवेल म्हणजे अकरा नंबरच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हापासून सगळ्या गल्लीचा संसार त्याच बघतात. त्यांनी चष्मा न लावता पत्र हातात घेतलं, लांब धरलं आणि न वाचताच खाली ठेवलं.

"पत्र? मिस्टर ओल्डरॉइड, पत्र कोण वाचतं? तिथे एक पोरगी बसवलेली असते. ती पत्रं उघडते आणि ढीग लावते. पाणबुड्यांचा ढीग, कुत्र्यांच्या घाणीचा ढीग, खड्ड्यांचा ढीग. तुम्ही त्या ढिगात जाणार. प्रत्यक्ष भेटा! दर दुसऱ्या शनिवारी आपला खासदार, तो फॅरंट, वाचनालयात बसतो की."

"पण मला बोलता... म्हणजे, समोरासमोर..."

"केक घेऊन जा. तोंडात केक असला की माणसाला नाही म्हणता येत नाही."

आता ज्या माणसाला न्हाव्यासमोर बोलता येत नाही, त्यानं खासदार जाइल्स फॅरंटसमोर काय बोलायचं? पण नॉर्मननं एक वाक्य पाठ केलं. 'आपण नव्या पाणबुड्यांच्या विरोधात मत द्यावं, अशी माझी विनंती आहे.' आंघोळ करताना म्हटलं, हिरवळ कापताना म्हटलं. शेजारच्या मांजरीला म्हणून दाखवलं. मांजर अर्ध्यावर उठून गेली.

शनिवारी ब्रेंडाचा लिंबाचा केक डब्यात घालून नॉर्मन वाचनालयात पोचला. आत शिरताच समोर रांग. नॉर्मन रांगेत उभा राहिला. ही रांग कशाची, असं त्यानं विचारलं नाही. रांग दिसली की तिच्या शेपटाला जाऊन उभं राहायचं, ही आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेली शिकवण आहे. विचारणं म्हणजे पुढच्यावर अविश्वास दाखवणं. शिवाय पुढची बाई काठी टेकत उभी होती, मागे एक म्हातारेबुवा आले. नॉर्मन म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." मग आणखी एक आले. "तुम्हीही." असं करत करत पाचजण त्यानं पुढे घातले आणि पन्नास मिनिटांनी त्याची पाळी आली.

पडद्याआड पांढऱ्या कोटातली एक बाई बसली होती. ती म्हणाली, "या, बसा. डावा बूट काढा."

ज्येष्ठ नागरिकांची पायाची नखं कापून देण्याचं ते शिबिर होतं.

इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? 'अहो, चूक झाली' म्हणून उठलो असतो. नॉर्मनच्या मनात विचार आला तो असा की, या बाईनं एवढी पाण्याची परात मांडून ठेवली आहे, तिला काय वाटेल? त्यानं डावा बूट काढला. मग उजवा काढला. बाई म्हणाली, "नखांची निगा छान ठेवता हं तुम्ही." नॉर्मन म्हणाला, "थँक यू."

खासदार बालविभागात, छोट्या छोट्या खुर्च्यांमध्ये बसला होता. उठायच्याच तयारीत होता. शेजारी त्याची मदतनीस हेदर, हातात वही. आणि हा फॅरंट म्हणजे काय सांगू, असा गोड माणूस! चाळिशीचा, दात पांढरेशुभ्र, हात हातात घेतला की सोडतच नाही. नॉर्मनला त्यानं हत्तीच्या चित्राच्या खुर्चीवर बसवलं, केकचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माझी आजी असाच करायची. बोला, मी काय करू शकतो?"

"नव्या पाणबुड्यांच्या..." नॉर्मननं सुरुवात केली.

"पाणबुड्या!" फॅरंटनं टाळी वाजवली. "वा! ऐकलंस ना हेदर? लोकांना देशाच्या संरक्षणाची पर्वा नाही म्हणतात. आणि हे बघा, शनिवारी सकाळी खास त्यासाठी आलेत. अहो, तुमच्यासारख्या माणसांमुळेच आम्हाला खंबीर राहायला बळ येतं. मनापासून आभार!"

असं म्हणून त्यानं हात पुढे केला. आता हात पुढे आला की काय म्हणायचं असतं?

"थँक यू," नॉर्मन म्हणाला.

हेदरनं फोटो काढला. झालं. चार मिनिटं.

घरी येईपर्यंत नॉर्मनच्या लक्षात आलं की आपलं वाक्य 'पाणबुड्यांच्या' इथेच राहिलं. ब्रेंडानं विचारलं, "सांगितलंस?" तो म्हणाला, "विषय काढला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "नखं कापून आलो."

त्यानंतर पाच आठवडे काही झालं नाही. देशात युरोपातून बाहेर पडायचं की नाही, या दुसऱ्याच मतदानावरून घराघरात भांडणं पेटली होती, तेव्हा पाणबुड्या कोणाला आठवतात? आणि एका सकाळी मिसेस पॉपलवेल हातात एक रंगीत पत्रक नाचवत रस्ता ओलांडून आल्या. फॅरंटचं ते पत्रक म्हणे तीस हजार घरांत वाटलं होतं. दुसऱ्या पानावर नॉर्मन. डोळे अर्धवट मिटलेले, मांडीवर केक, मागे भिंतीवर जिराफ. आणि खाली ओळ: 'पाणबुड्यांबद्दलच्या खंबीर भूमिकेबद्दल खासदारांचे आभार मानताना आपले मतदार नॉर्मन ओल्डरॉइड (केकसह).'

"केक मात्र झकास आलाय," मिसेस पॉपलवेल म्हणाल्या.

ब्रेंडानं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं किटली जरा जोरात आपटली.

त्यानंतरचा आठवडा नॉर्मनला कुणी सुखानं जगू दिला नाही. खाटीक म्हणाला, "शाब्बास ओल्डरॉइड! त्या रशियाला दाखवूच," आणि दोन सॉसेज जास्त घातले. बोलिंग क्लबमधल्या एका निवृत्त मेजरनं त्याला 'आपल्यातला' म्हणून जेवायला बोलावलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाजारात शनिवारी शांततेचा फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या तिघी बायका. इतकी वर्षं नॉर्मन त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवायचा. त्या दिवशी त्यातली सगळ्यात वयस्कर बाई मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या मताचा आम्ही पूर्ण आदर करतो हं." आमच्याकडे याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. नॉर्मन घरी येऊन थेट बागेतल्या शेडमध्ये जाऊन बसला. तिथून तो आला तो बारावा खर्डा घेऊनच.

या खर्ड्यात एकही क्षमस्व नव्हतं. 'मी आपले आभार मानलेले नाहीत. माझा विरोध आहे. चूक सुधारून छापावी आणि विरोधात मत द्यावं.' ब्रेंडानं वाचलं आणि म्हणाली, "कोणी लिहिलंय हे?" पण पत्राच्या माथ्यावर घरचा पत्ता मात्र तिनंच स्वतःच्या हातानं घातला, चौदा नंबर, मॉस लेन, पोस्टाच्या पूर्ण कोडसकट.

नऊ दिवसांनी हेदरचं उत्तर आलं. 'आपल्या पोस्ट-कोडवरून असे दिसते की आपण मिस्टर फॅरंट यांच्या मतदारसंघात राहत नाही. दुसऱ्या खासदाराच्या मतदारांच्या कामात लक्ष घालू नये, असा पार्लमेंटचा संकेत आहे. म्हणून आपल्या पत्राला उत्तर देता येत नाही. कळावे.'

नॉर्मननं ते तीनदा वाचलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मॉस लेन. समोर मिसेस पॉपलवेलचं अकरा नंबर. त्याच्याशेजारी नऊ नंबर, जिथे ते दोघे सत्तावीस वर्षं राहिले. गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून चार वर्षांपूर्वी रस्ता ओलांडून या बाजूच्या बैठ्या घरात आले. सामान हलवायला ट्रक नव्हता लागला, कपाटं हातगाडीवरून आली होती. आणि मतदारसंघाची हद्द जात होती ती बरोब्बर रस्त्याच्या मधून. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसानं भरल्या हातगाडीसह हद्द ओलांडली आणि त्याला पत्ता लागला नाही! म्हणूनच तर ते पत्रक समोर आलं आणि यांच्याकडे आलं नाही.

"पण मागच्या वर्षी निवडणूक झाली ना?" नॉर्मन म्हणाला. "मी मूतखड्यानं हॉस्पिटलात होतो, पण तू गेली होतीस. कागदावर फॅरंटचं नाव होतं?"

"नव्हतं. एक बाई होती. मी तिलाच दिलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"नॉर्मन, मतदान गुप्त असतं."

त्यानं हेदरला फोन लावला. "मी तुमचा मतदार नाही, तर मग फोटोखाली मतदार कसा?"

"फोटोपुरते आहात, सर," हेदर अतिशय नम्रपणे म्हणाली. "पत्रासाठी नाही."

"मग चूक दुरुस्त करून छापा."

"दुरुस्तीची मागणी मतदारानंच करावी लागते, सर."

शेवटी त्यानं आपल्या खऱ्या खासदार बाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर तीन दिवसांत आलं आणि फार प्रेमळ आलं. 'मी विरोधातच मत देणार आहे. अगदी पहिल्यापासून. आणखी काही सेवा?' म्हणजे बघा, ज्याला पटवायचं त्याच्याशी बोलायचा अधिकार नाही, आणि जिच्याशी बोलायचा अधिकार आहे ती आधीच पटलेली! नॉर्मनला त्या भल्या बाईचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

"आपण परत नऊ नंबरमध्ये जाऊ या का?" ब्रेंडा म्हणाली. ती थट्टा करत होती. नॉर्मन मात्र पडद्यांची मापं आठवायला लागला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली, मतदान येत्या सोमवारी. आणि त्याच्या आदल्या शनिवारी बर्कथ्वेटच्या चर्चची जत्रा. उद्घाटनाला आणि केकच्या परीक्षणाला कोण? जाइल्स फॅरंट. आता मिसेस पॉपलवेल काय म्हणाल्या असतील, सांगायला नको.

"केक!"

"केकनंच तर एवढं झालं," नॉर्मन म्हणाला.

"तो मुका केक होता. या खेपेला बोलता केक करा."

ब्रेंडानं केकच्या स्पर्धेत वर्ग सातमध्ये नाव घातलं: साधा स्पंज केक. केक असा फुगला की विचारू नका. आणि त्याच्यावर तिनं निळ्या आयसिंगनं सुंदर अक्षरांत लिहिलं, 'पाणबुड्या नकोत'. दोघं तो केक दोन्ही बाजूंनी धरून, जपत जपत, चर्चच्या मैदानावर घेऊन गेले. ऊन मस्त पडलं होतं, बँड वाजत होता, पोरं गाढवावर बसायला रडत होती. नॉर्मन सारखा घड्याळ बघत होता. अर्ध्या तासात फॅरंट या टेबलापाशी येणार, वाचणार, आणि मग आपल्याला एक अक्षरही बोलावं लागणार नाही.

दहाच मिनिटांत महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. त्यांनी केककडे पाहिलं, हातातली नियमावली उघडली आणि तोंड बारीक केलं.

"मिसेस ओल्डरॉइड, वर्ग सात. मध्ये जॅम, वर पिठीसाखर. आयसिंग नाही."

"पण मजकूर..."

"मजकुराबद्दल माझी काही तक्रार नाही. खरं सांगू? मला स्वतःला पटतोय तो. पण साध्या स्पंजवर आयसिंग! आज आयसिंग, उद्या लोक चेरी लावतील." आणि त्यांनी 'बाद' असं कार्ड टेकवलं, वर इतर स्पर्धकांवर परिणाम होऊ नये म्हणून एक मोठा कागदी रुमाल पसरला. फॅरंट आला, रुमालाकडे हसून बघितलं आणि पुढे गेला. पहिला नंबर मेजरच्या बायकोला.

"मरू दे," नॉर्मन म्हणाला. "चहा घेऊ या." त्याचा आवाज असा आला की ब्रेंडाला भरून आलं. तिनं त्याचा दंड धरला.

चहाच्या तंबूपाशी रांग होती. चांगली वीस-पंचवीस माणसांची. दोघं शेवटाला जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे मिसेस पॉपलवेल. आणि अर्ध्या मिनिटानं त्यांच्या मागे कोण येऊन उभं राहावं? उन्हानं लाल झालेला, कोट काढून हातावर घेतलेला, जाइल्स फॅरंट. हेदरला त्यानं पाठवलं होतं गाडी आणायला. त्याच्यामागे लगेच आणखी दहाजण लागले.

तेवढ्यात तंबूतून आवाज आला, "चहाचा बंब रिकामा झालाय. नवं पाणी उकळायला वीस मिनिटं लागतील. सॉरी!"

रांगेतून कुणीही हललं नाही. हलणार कसं? रांगेत उभं राहून मिळवलेली जागा सोडायची, ही गोष्ट बर्कथ्वेटमध्ये बुद्धी शाबूत असलेला माणूस करत नाही. फॅरंटही नाही. खासदार असून रांग सोडली किंवा मोडली, तर त्याला पुढच्या निवडणुकीत त्याच्या आईनंही मत दिलं नसतं. तो घट्ट अडकला होता. हे नॉर्मनच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा तो हळूच मागे वळला.

"ऊन छान पडलंय," फॅरंट म्हणाला.

"हो ना."

"टिकलं तर बरं."

"हो."

"आपण कुठेतरी भेटलोय का? अरे! लिंबाचा केक!"

"मी तुमचे आभार मानले नव्हते," नॉर्मन म्हणाला.

फॅरंटचं हसू तसंच राहिलं, पण डोळे जरा हलले. "माफ करा, पण माझ्या ऑफिसनं सांगितलं की तुम्ही माझ्या मतदारसंघातले..."

"नाही. म्हणूनच तुम्ही मला उत्तर देऊ नका. नुसतं ऐका." आणि मग नॉर्मन बोलायला लागला. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं देव जाणे. "ऑक्टोबर बासष्ट. मी चौदा वर्षांचा. गुरुवार होता. शाळेतून आलो तर टेबलावर डब्यातले पीच. आमच्याकडे डब्यातले पीच म्हणजे रविवारी, तेही पाहुणे आले तरच. त्या दिवशी आईनं अख्खा डबा उघडला होता, वर दाट सायीचा टिन पण. मी विचारलं, आज कोण येणार? ती म्हणाली, कोणी नाही रे, खा. मी सगळे खाल्ले. वाडगा चाटला. इतका खूश होतो मी! आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळलीच नाही. क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध पेटतंय की काय, असं चाललं होतं ना तेव्हा. रविवार उजाडणारच नाही, असं वाटलं होतं तिला. रविवार आला. मग आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ती गेली तरी नाही बोललो." त्यानं श्वास घेतला. "कुठल्याच आईला गुरुवारी पीचचा डबा उघडायला लागू नये. म्हणून नव्या नकोत. एवढंच."

कोणीतरी खाकरलं. बँडवाले नेमके थांबले होते. नॉर्मनला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपल्याला, ब्रेंडाला आणि शक्य असलं तर त्या गाढवालाही पोटात घ्यावं.

आणि मिसेस पॉपलवेल वळल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक होता. "आमच्या बाबांनी जिन्याखालच्या कपाटात गाद्या रचल्या होत्या. आणि ससा. ससा पण आत घ्यायचा, असं ठरलं होतं. मला वाटायचं, आमच्याच घरात."

"आमच्याकडे बाथटब भरून ठेवला होता," पुढून एक म्हातारा म्हणाला. "आठवडाभर कुणाला आंघोळ नाही."

"आमच्या मास्तरांनी त्या शुक्रवारी गृहपाठच दिला नाही. म्हणाले, राहू दे."

"माझ्या मोठ्या बहिणीनं घाईघाईत लग्न ठरवलं त्या आठवड्यात. पुढे चाळीस वर्षं पस्तावत होती!"

रांगेत हशा उसळला. मग काय विचारता! चोपन्न वर्षं शेजारी शेजारी राहून, एकाच दुकानातून पाव आणून, कधी एकमेकांना न सांगितलेलं एका चहाच्या रांगेत बाहेर पडायला लागलं. हसत होते, डोळे पुसत होते, अनोळखी माणसाच्या दंडाला हात लावत होते. आमच्याकडे! आणि फॅरंट, ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, मधे उभा राहून एकदा याच्या आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याचे ते दात कुठे दिसत नव्हते.

बऱ्याच वेळानं तो नॉर्मनकडे झुकला. "माझ्या आजीकडे एक ब्लँकेटं भरलेली ट्रंक होती," तो म्हणाला. "आम्हाला हात लावू द्यायची नाही. का, ते आत्ता कळलं." मग आणखी हळू म्हणाला, "बघा, पक्षाच्या विरोधात गेलो तर ते माझी चामडी सोलतील. पण सोमवारी मी बाजूनं मत देणार नाही. बाहेर राहतो. तब्येतीचं कारण सांगतो. हे माझ्याकडून."

ब्रेंडानं श्वास रोखला. अहो, खासदार हो! नॉर्मनसारख्यासाठी केवढं मोठं! आणि आता तो काय म्हणणार, हे ती बेचाळीस वर्षांच्या अनुभवानं जाणून होती. 'तुमचे फार उपकार झाले', 'उगाच त्रास', 'थँक यू'. तिला दिसत होतं, त्याच्या ओठांवर 'थँ' आलेला.

नॉर्मननं ओठ मिटले. पुन्हा उघडले.

"एवढ्यानं नाही भागत," तो म्हणाला.

"पाणी उकळलं!" तंबूतून आरोळी आली. "चला, पुढे सरका. बोल राजा, दूध घालू?"

सोमवारी ठराव मोठ्या बहुमतानं पास झाला. तो होणारच होता, ते कुणालाच नवीन नव्हतं. पण मंगळवारी सकाळी नॉर्मन वाचनालयात गेला, रांगेत उभा राहण्यापूर्वी ती कशाची आहे हे त्यानं मोठ्यानं विचारलं, आणि कोणी कसं मत दिलं त्याची यादी छापून घेऊन आला. विरोधकांच्या यादीत, फ अक्षराखाली, होता. फॅरंट, जाइल्स. नॉर्मननं ते ब्रेंडाला वाचून दाखवलं. मग मिसेस पॉपलवेलना, रस्त्याच्या पलीकडे जाऊन. मग परत येऊन ब्रेंडाला.

"ऐकलं रे बाबा," ब्रेंडा म्हणाली. तिनं चष्मा काढून पुसला, तो काही धुळीमुळे नव्हे. "पण पाणबुड्या घेणारच ना ते?"

"घेणार," नॉर्मन म्हणाला. त्यानं बाजूनं मत देणाऱ्यांची यादी टेबलावर पसरली. अनेक पानांची होती. त्यानं बाही सरसावली, पेन्सिलीला टोक केलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं.

"हे काय आता?"

"हॅलिफॅक्सला ऑगस्टमध्ये फुलांचं प्रदर्शन असतं ना गं?" तो म्हणाला. "चहाला गर्दी किती असते?"